बागेतले राजदूत

कोथरूडमधल्या आमच्या बागेत रोज सकाळी एक निवृत्त राजदूत फिरायला येत. साध्या अधिकाऱ्यापासून चढत चढत ते त्या पदाला पोहोचले, एवढंच मी ऐकून होते. कुणी बोलू लागलं की ते थांबत आणि मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकत.

माझा भाऊ परदेशात ज्या शहरात नोकरीला होता, तिथे युद्ध पेटलं आणि त्याचा फोन लागेना. आई बागेतल्या बाकावर रडत बसली होती. ते जवळ आले. "काळजी करू नका," असं काही म्हणाले नाहीत. भावाचा पत्ता विचारला आणि तिथूनच दूतावासात फोन लावला. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिथे अधिकारी होती. तिनं भावाला शोधून काढलं आणि बसमध्ये बसवून सीमेपार पाठवलं.

भाऊ घरी आल्यावर आई पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, लोकांना वाटतं, राजदूत नुसत्या मेजवान्या झोडतो," ते म्हणाले. "खरी नोकरी फोन उचलण्याची. पलीकडे कुणाची तरी आई असते. दूतावासातल्या त्या मुलीलाही मी तेवढंच शिकवलं."

आई आता रोज देवापुढे त्या दोघांसाठी हात जोडते. मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

"देवाला ठाऊक असेल," आई म्हणते.