पंपाचं पथ्य

आमच्या आरोग्य केंद्रात औषधाची पुडी हातात पडली की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पथ्य काय?" दिवसातून किती वेळा घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, ते सगळं मागाहून. आधी पथ्य. नर्स म्हणून मी इथे आले तेव्हा कौतुकाने उत्तरं द्यायचे. आता कोणी विचारलं की कपाळात तिडीक जाते. मी सावर्ड्याकडची, आमच्याकडेही पथ्यं आहेत, पण जयगडच्या बाजूच्या या खाडीकाठच्या लोकांची तऱ्हाच वेगळी. मासे सोडायला लावणारं औषध तेच खरं औषध. कावीळ झाली की एक म्हातारा कसलंसं मूळ उगाळून देतो आणि महिनाभर तेल, मासे बंद करतो. त्याच्यावर गावाचा केवढा विश्वास! आणि आम्ही म्हणणार, "काहीही खा." म्हणजे आमचं औषध पाणीच.

दम्याची एक मावशी होती. साठी उलटलेली, जेटीच्या तोंडाशी पाटी मांडून मासे विकणारी. तिचा आवाज केंद्राच्या ओसरीपर्यंत पोचायचा. दम लागला की पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून यायची आणि दारातूनच ओरडायची, "बाय गो, वाफ लाव!" वाफ म्हणजे आमचं नेब्युलायझर. तोंडावर मास्क चढला की मावशी डोळे मिटून ऐटीत बसायची. पंधरा मिनिटांत छातीतली शिट्टी थांबली की उठून पदर झटकायची, "झाली मी मोकळी," आणि चालू पडायची.

डॉक्टरांनी तिला रोजचा पंप लिहून दिला होता, सकाळ-संध्याकाळ. मी तीनदा शिकवला. पंप हलवायचा, नळकांड्याला लावायचा, श्वास बाहेर सोडायचा, मग दाबून सावकाश आत ओढायचा, दहा आकडे धरून ठेवायचा. त्यानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं, आवाज बसतो.

"औषध थुंकायचं? मग छातीत काय जाणार, माझं कपाळ?"

"छातीत गेलेलं छातीतच राहतं, मावशी. तोंडात चिकटलेलं तेवढं थुंकायचं."

"बरं. पथ्य काय?"

"काही नाही."

मावशीने माझ्याकडे बघितलं, शिळी सुरमई ताजी म्हणून विकणाऱ्या बाईकडे बघावं तसं. पंप घरी नेला आणि देव्हाऱ्यात ठेवला. हे मला पुढच्या दम्याला कळलं. "देवाच्या पायाशी ठेवलाय गो, वाया नाय घालवला." आता काय बोलायचं! देवाला दमा नव्हता ना.

तिसऱ्यांदा ती धापा टाकत आली तेव्हा बाहेर लसीकरणाची रांग होती, दोन पोरं रडत होती, आणि माझं डोकं आधीच फिरलेलं. वाफ संपल्यावर तिने परत विचारलं, "पण पथ्य काय?" आणि मी फणकाऱ्याने म्हणाले, "आहे! कडक आहे! पंप चालू आहे तोवर बांगडा बंद!"

बांगडाच का, तर बांगडा तिचा जीव. मलाही तितकाच प्रिय, म्हणून पटकन जिभेवर आला. मावशीचा चेहरा पडला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आधी का नाय सांगितलंस?"

आणि काय सांगू, त्या दिवसापासून बाईने पंप धरला तो धरलाच. सकाळी, संध्याकाळी, चुळीसकट. महिन्याभराने आली ती वाफेला नव्हे, मला पापलेट द्यायला. बोटाला चिमटा लावून पाहिलं, ऑक्सिजन सत्त्याण्णव. मला आकाश ठेंगणं झालं! मग काय, मी पथ्यांचं दुकानच काढलं. एका खलाशाला पंपावर कुर्ल्या बंद केल्या, खेकड्यांवर त्याचा जीव. एका मास्तरांना सोलकढी. सगळे गुणी बाळासारखे पंप घ्यायला लागले. आमचे डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी खलाशाला सांगितलं की कुर्ल्या खा, काही होत नाही. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "सिस्टर, डॉक्टर अजून शिकतायत वाटतं." मी हसू दाबत मान हलवली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

सात महिने असे गेले. मग एका सकाळी दोघा बायकांनी मावशीला रिक्षातून उतरवलं. वाफ लाव म्हणायलाही तिच्यात दम नव्हता. ओठ निळसर, मानेच्या शिरा ताणलेल्या, दर दोन शब्दांमागे एक श्वास. चिमट्यावर ब्याऐंशी. आणि मला सगळ्यात घाबरवलं ते हे, की छातीत शिट्टीच ऐकू येईना. दम इतका कोंडला की शिट्टी वाजायलाही हवा हलत नाही. डॉक्टर धावत आले. ऑक्सिजन लावला, वाफेवर वाफ दिली, शिरेतून इंजेक्शन गेलं, रुग्णवाहिका बोलावली. मी तिचा हात धरून म्हणत होते, "मावशी, पंप घेतलात ना? रोज घेतलात ना?" तिने मान हलवली. नाही.

सोबतच्या बाईने सांगितलं. मावशी लेकीकडे गेली होती. लेकीने बांगड्याचं तिखलं केलं, मावशीची जीभ चळली, एक तुकडी खाल्ली. पथ्य मोडलं! आणि पथ्य मोडल्यावर औषध घेतलं तर ते उलटतं, बाधतं, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणून मावशीने अकरा दिवस पंपाला हात लावला नव्हता.

 मी रुग्णवाहिकेत तिच्यासोबत रत्नागिरीपर्यंत गेले आणि सारा रस्ताभर चिमट्यावरचा आकडा बघत राहिले. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. परत शहाऐंशी. बाई मेली असती तर दम्याने नव्हे, माझ्या तोंडाने मेली असती.

वाचली. चार दिवसांनी रविवारी मी दवाखान्यात भेटायला गेले. नाकात नळी होती, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईशी कोळंबीच्या भावावरून भांडण चालू होतं. मी स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. बांगड्याचं पथ्य खोटं होतं. मी रागाने काढलं होतं. पंपाला कसलंच पथ्य नाही.

मावशीने कोळंबीचं भांडण अर्धवट सोडून माझ्याकडे मान वळवली. 

"मेल्ये!" मग ती ओरडली, नाकातली नळी निसटेस्तोवर. "सात महिने गो! पाटीत बांगडे आणि ताटात डाळ! हात माझे बांगड्याचे, तोंड माझं डाळीचं!" अख्खा वॉर्ड ऐकत होता. मी नळी नीट बसवत रडत होते, आणि मधेच हसूही फुटत होतं.

"चुकले मावशी. आता पोटभर बांगडे खा, फक्त पंप सोडू नका."

"पथ्याशिवाय औषध लागायचं नाय."

"अहो, अजून तेच?"

"मी कुठे म्हणते मी पाळीन? पथ्य तू काढलंस, तू पाळ."

मला वाटलं, गंमत करते आहे. केंद्रात परतल्यावर खलाशाची आणि मास्तरांची पथ्यंही मी उठवली. पुढच्या महिन्यात ती तपासणीला आली. मी चिमटा लावायच्या आधी तिने माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "खाल्लास नाय ना?" मी नाही म्हणाले. मग तिने पिशवीतून पंप काढून दाखवला, संपत आलेला, वापरलेला.

दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या घरी बांगडा तळतात, माझ्या ताटात अंडं येतं. नवरा म्हणतो, खा की, ती काय बघायला येते आहे? मध्यंतरी मी वैतागून तिलाच विचारलं, "मावशी, मी एक तुकडी खाल्ली तर काय होईल हो?"

"मग मी पंप सोडीन, बाय," ती म्हणाली. "आणि तुला ठाव हाय, मी सोडते."

मला ठाऊक आहे. म्हणून मी खात नाही.