वीस बिड्यांचं इंजेक्शन

हे मी मैत्रिणींना इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं का त्या पळतात. म्हणून लिहूनच काढते.

आधी माझ्या हाताचं सांगायला पाहिजे. गोंदियाच्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते. एक डॉक्टरीणबाई, एक कंपाउंडर आणि आम्ही दोघी पोरी, एवढाच कारभार. माझा हात झटपट म्हणून नावाजलेला. क्विनाइनची सुई असो का लस, पेशंटनं डोळे मिटून उघडायच्या आत माझी सुई बाहेर. बाजाराच्या दिवशी बाया मुद्दाम माझ्याच रांगेत लागायच्या. मी फुगून गेले होते, खोटं कायले बोलू.

मंग कॅल्शियमच्या सुया आल्या. शिरेत द्यायच्या, दहा सीसीच्या. धानाच्या गिरणीतला एक हमाल आला, अंगभर गांधी उठलेल्या, खाजवून खाजवून बेजार. त्याला स्टुलावर बसवलं आणि दिली मी आपल्या नेहमीच्या हातानं. मिनिटभरात सगळी. तो म्हणाला, पोटात आग भरून राहिली. मंग पांढरा पडला आणि स्टुलावरून खालीच आला. नाडी पाहिली तर एक ठोका पडला का दुसऱ्याची वाट पाहावी लागे. डॉक्टरीणबाई धावत आल्या. घंटाभरानं तो उठून बसला, पाणी प्याला, संध्याकाळी पायानं घरी गेला.

डॉक्टरीणबाई जबलपूरकडच्या. त्या रागावल्या का आवाज उलट हळू होई. "ये दवा सीधे दिल पर जाती है, सिस्टर. तुम्हारे हाथ में जल्दी है. आजसे कॅल्शियम को हाथ नहीं लगाना." झालं. माझा झटपट हात बंद.

त्याच थंडीत आमगावकडून बैलांची एक बंडी आली. बंडीत एक बाई, पोर चार महिन्यांचं, अंगावर पिणारं. सोबत तिची माय. बाईच्या दोन्ही हातांची बोटं आखडून चोचीसारखी एकत्र झालेली, अंगठा आत. स्वतःचं पोर उचलता येईना. गावात म्हणे करणी झाली म्हणून दोनदा उतरवून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळला तशी बोटं आणखी घट्ट झाली. त्या म्हणाल्या, करणी-बिरणी काही नाही, रक्तातलं कॅल्शियम पोराच्या दुधात चाललंय. जेवण झालं का शांतपणे देऊ.

शांतपणे कुठलं. तेवढ्यात एक अडलेली बाळंतीण आली, मूल पायाळू. डॉक्टरीणबाई तिच्याकडे गेल्या, दुसरी नर्स त्यांच्या हाताशी, कंपाउंडर औषधं आणायला स्टेशनावर. आणि इकडे आमगावच्या बाईचा गळा आवळायला लागला. श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज. ओठ निळे.

मी पडद्याशी जाऊन ओरडले. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, हळूच. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. म्हणाल्या, तूच दे. निजवून दे. हृदयाचं काही औषध घेते का विचार. रक्त मागे ओढून पाहा, शिरेबाहेर थेंब गेला तर कातडी जळेल. नाडी सोडू नको. आणि दहा मिनिटं, त्याच्या आत नाही.

दहा मिनिटं कशानं मोजू? दवाखान्यात घड्याळ एकच, ते त्यांच्या मनगटावर, पडद्याआड. आकडे मोजायचं म्हटलं तर मला माझं माहीत होतं, घाबरले का माझे साठ आकडे वीस सेकंदांतच संपतात.

डॉक्टरीणबाईंनी उघडून ठेवलेल्या पेटीत कॅल्शियमच्या कुप्या दोनच उरलेल्या, जगभर लढाई पेटल्यामुळं नव्या येत नव्हत्या. थंडीनं एकीत खडीसाखरेसारखे खडे धरलेले. ती बाजूला ठेवली. दुसरी स्वच्छ होती, ती कोमट पाण्यात धरून अंगाइतकी गरम केली. आणि तेव्हा व्हरांड्यात नजर गेली.

पोराला शेजारी गोधडीवर निजवून तिची माय मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तंबाखू घेऊन आत यायचं नाही असा डॉक्टरीणबाईंचा कायदा. पोरगी मरणाला टेकलेली आणि हिचे हात चालूच. पहिल्यांदा मला रागच आला. मंग दिसलं का तिच्या डोळ्यांतून पाणी गळून राहिलं आहे, नजर दाराकडेच आहे आणि हात आपले आपण चालले आहेत, एका चालीनं. पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा. पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा.

मी विचारलं, मावशी, तासाला किती होतात? म्हणाली, कारखान्यातल्या घड्याळाच्या एका टोल्यापासून दुसऱ्यापर्यंत सहा वीसा, कमी नाही का जास्त नाही. सहा वीसा म्हणजे एकशेवीस. मिनिटाला दोन. दहा मिनिटांना वीस बिड्या. बिडीमागे अर्धा सीसी. माझ्या आयुष्यात इतकं जलद गणित कधी जमलं नव्हतं.

वळून झालेल्या बिड्या बाहेरच काढून ठेवल्या आणि तिला सुपासकट आत ओढलं. पोरीला हृदयाचं औषध कधीच नव्हतं, तेही तिनंच सांगितलं. पण पिचकारी पाहून तिनं माझं मनगट धरलं.

"बाहेर बाया सांगत होत्या, गिरणीतला हमाल पडला, तो तुह्याच सुईनं ना?"

"माझ्याच. मी घाई केली होती."

"मंग आज काऊन नाही करशील?"

"आज तुमचा हात चालंल तसा माझा चालंल. तुमी दोरा बांधला का मी पिचकारीची अर्धी रेघ सरकवीन. तुमी थांबल्या का मी थांबली."

तिनं एकवार पोरीकडे पाहिलं आणि मनगट सोडलं. "घाई केली का पान फाटते," ती म्हणाली. "माही पोरगी फाडू नको."

आडव्या निजवलेल्या पोरीची शीर पहिल्या झटक्यात सापडली. रक्त मागे आलं, काळपट लाल. पहिली बिडी, अर्धी रेघ. दुसरी बिडी, अर्धी रेघ. माझा अंगठा शिवशिवून राहिला होता, दाब, दाब, हिचा श्वास अडकलाय, दाब. आणि ती माय आपल्या चालीनं दोरा बांधतेय. तिच्या हाताला तर माझ्याहून जास्त घाई असायला पाहिजे होती.

अकराव्या बिडीला पोरगी पुटपुटली, पोटात गरम होऊन राहिलं. नाडी दोन बोटांखाली थोडी मंद झाली. मी अंगठा उचलला. "मावशी, वळत राहा. मी थांबली." चार बिड्या नुसत्याच झाल्या. पाचव्या दोऱ्याला नाडी पहिल्यासारखी पळायला लागली तसा मी अंगठा परत ठेवला.

शेवटच्या अर्ध्या रेघेच्या आधीच कोंबड्याचा आवाज बंद झाला होता, मला कळलंच नव्हतं. सुई काढून कापूस दाबला तेव्हा पाहिलं, पोरीचा अंगठा बाहेर आलेला. मंग करंगळी. मंग एकेक बोट, सावकाश, कुणी आतून सोडवून राहिलं आहे असं. तिनं हात वर करून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. आणि सुपातलं एक पान उचलून वळलं. वाकडं झालं. माय म्हणाली, "असली बिडी कारखान्यात नेशील तं तोंडावर फेकतीन," आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

पडद्याआडून नव्या बाळाचा आवाज आला. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, आधी पेशंटची नाडी धरली, मंग त्यांना वास आला. सूप दिसलं. तंबाखूचा कायदा आठवून मी सुपापुढे उभी राहिले. त्यांनी विचारलं, कितना टाइम लिया?

मी सुपात बिड्या मोजल्या, वाकडी सोडून. चोवीस. "बारा मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी मनगट वर केलं. मी पडद्याशी ओरडले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहून ठेवलं होतं. कुपी गरम करायचे, शीर धरायचे वजा केले, उरले बारा. मंग म्हणाल्या, "कॅल्शियम की पेटी की चाबी आजसे तुम रखो."

चावी घ्यायला मी पुढे गेले तर मधेच मावशी. तिला त्या चावीशी काही घेणं नव्हतं. पोरगी पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात पुढे करून, आणि मावशी तिचं पोर तिच्या हातात देऊन राहिली होती.