उन्हाच्या नावाचे पाणी

माझ्या घरामागे कापड रंगविण्याचा कारखाना चालविणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे प्रत्येक वाक्य ‘कायद्यानं’ या शब्दाने सुरू होते. अनुदान घेऊन त्यांनी छपरावर पाणी तापविणारी सौरयंत्रे बसविली. परंतु बॉयलरमध्ये अद्याप जुने टायरच जळतात आणि माझी दमेकरी पत्नी खिडकी उघडू शकत नाही. अर्जलेखन हा माझा व्यवसाय असल्याने मी कलमांसह तक्रार केली. तपासनीस येताच या सद्गृहस्थांनी बॉयलरचे पाणी सौरयंत्राच्या नळाला सोडले.

“कायद्यानं हात लावून बघा की साहेब. समदं उन्हाचं हाय.”

साहेबांचा हात पोळला व ते समाधानाने निघून गेले.

मी धुराकडे बोट दाखविले, तर ते गृहस्थ मला म्हणाले, “कायद्यानं वैनीस्नी वाफ घ्यायला गरम पाणी धाडतो की, वकीलसाहेब.”

आणि खरोखरच बादली आली. ती मी त्यांच्याच उंबऱ्यावर ओतली.