पहिलं मिनिट

प्रमोदला जाऊन आज वर्ष झालं आणि मला अजूनही त्याचा राग येतो.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रमोद मूळचा वाशिमचा. भोसरीत एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला होता. आमची ओळख कर्वेनगरातल्या फिल्ममेकिंगच्या क्लासमधली. एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली, खिडक्यांना काळे पडदे, दर रविवारी सकाळी.

त्या काळात हिंजवडीला आयटीत नोकरी लागली की माणसाला आपण दिग्दर्शक आहोत असं वाटायला लागायचं. मलाही वाटायचं. हँडीकॅम घेतला होता ना!

क्लासचा नियम एकच. दर वेळी सुरुवातीलाच एकाची नवी फिल्म दाखवायची, बाकीच्यांनी फीडबॅक द्यायचा. ज्याची फिल्म, त्याने तोंड उघडायचं नाही. फक्त वहीत लिहून घ्यायचं.

आम्ही सगळे लिहून घ्यायचो आणि घरी जाऊन विसरायचो. शहाणी माणसं असंच करतात.

प्रमोदने सगळं ऐकलं. अक्षरशः सगळं.

त्याची फिल्म कसबा पेठेतल्या एका तांबटकाकांवर होती. आठ मिनिटं. काका तांब्याच्या हंड्यावर हातोडीने ठोके देतायत, बस.

आता माझी अक्कल ऐका.

माझा एक ठरलेला फीडबॅक होता. "पहिलं मिनिट काढून टाक. गरज नाहीये." सगळ्यांना हेच, आणि ते सुद्धा मोठ्या अधिकारवाणीने.

कारण मी दर रविवारी उशिरा पोचायचो. ट्रॅफिक म्हणून सांगायचो. खरं तर कोपऱ्यावर पोहे खात बसलेलो असायचो. अंधारात मागच्या दाराने आत शिरायचो. पहिलं मिनिट मी कुणाचंच पाहिलेलं नसायचं, तरी फिल्म समजायची. म्हणजे त्याची गरज नाही. काय ते लॉजिक!

बाकीच्यांनी माझं मत कचऱ्यात टाकलं. आमच्यातली सोनल तर माझ्या फिल्मच्या वेळी म्हणाली, "ह्यातलं पहिलं मिनिट काढ. मग दुसरं काढ. असं शेवटपर्यंत जा."

प्रमोदने मात्र पुढच्या रविवारी पहिलं मिनिट कापून आणलं.

आता फिल्म थेट ठोक्यानेच सुरू व्हायची. दाणकन.

सोनल म्हणाली, "आवाज फार अंगावर येतोय." त्याने आवाज कमी केला.

कुणीतरी म्हणालं, "मिळमिळीत वाटतंय." त्याने खाली तबला टाकला.

शिकवणारे सर म्हणाले, "तबला कशाला रे?" त्याने तबला काढून बासरी टाकली.

बासरी! तांबटाच्या फिल्मला!

कोर्स संपताना सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून शो केला. प्रमोदची फिल्म तोवर तीन मिनिटांवर आली होती. बासरीच्या सुरात काकांनी पहिला ठोका दिला आणि लोक हसायला लागले. मी बाजूलाच होतो. खाली मान घालून प्रमोद वहीत लिहीत होता, "हसले."

त्यानंतर त्याने कॅमेरा हातात घेतला नाही.

मला हे कबूल करायला कितीतरी वर्षं लागली. एकदा चहा पिताना एकदाचं बोललो.

"पम्या, मी त्या दिवशी उशिरा आलो होतो. तुझं पहिलं मिनिट मी बघितलंच नव्हतं."

"माहीत आहे ना बे. तू दार उघडलं की पडद्यावर उजेड पडे."

"मग कापलंस कशाला, मूर्खा?"

"तुले त्याच्याबिगर समजली ना फिल्म. मले वाटलं, खरंच नसंल गरज."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "अरे पण होतं काय त्यात?"

"ये ना एखाद्या रविवारी घरी. सीडी आहे जुनी. दाखवतो."

गेलो? छे. मी कोथरूडला, तो कर्वेनगरात. पंधरा मिनिटांचा रस्ता.

"पुढच्या रविवारी नक्की" हे मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर किती वेळा लिहिलंय ते आत्ता वर जाऊन बघितलं. लाज वाटली. आणि हा पठ्ठ्या दर वेळी नुसता अंगठा टाकायचा. अरे, एखादी शिवी दे की! शिवी दिली असतीस तर आलो असतो.

मग गेल्या वर्षी आजच्याच सकाळी, कंपनीच्या बसची वाट बघत असताना, त्याचं हार्ट बंद पडलं. मी त्याच्या घरी पोचलो तोवर त्याला नेलंही होतं.

गेल्या आठवड्यात वैशालीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ती सीडी पाठवली. पाकिटावर त्याचं अक्षर: "पहिली. न कापलेली."

ती लावायला ड्राइव्ह शोधण्यात चार दिवस गेले. आयटीत जन्म काढला आणि घरात एक ड्राइव्ह नाही.

काल बघितली.

काका गोणपाटावर बसतात. हंडा पुढ्यात ओढतात. हातोडी उचलतात आणि थांबतात. कॅमेऱ्याकडे बघतात. मग एका डबीतून कापसाचे दोन बोळे काढून पुढे धरतात.

"हे घे. कानात घाल. आता आवाज होणार."

कॅमेऱ्याच्या मागून एक हात येतो. सावळा, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. तो हात बोळे घेतो. चित्र जरा हलतं. काका हातोडी धरून थांबून राहतात, त्याचे दोन्ही कान नीट बंद होईपर्यंत.

मग पहिला ठोका. मुळीच अंगावर येत नाही.

अख्ख्या फिल्ममध्ये प्रमोद तेवढाच आहे. एक हात. आणि तो मी काढायला लावला.

पम्या, नियमाप्रमाणे तू आता काही बोलणार नाहीस. ठीक आहे. लिहून घे.

पहिलं मिनिट ठेव.

बासरी काढ.

उशिरा येणाऱ्यांचं कधीही ऐकू नकोस.

आणि माझा नमस्कार घे, मित्रा. काल मी पहिल्यापासून बसलो होतो.