ब्रॅडिकसाहेबांचा नाखवा

सहा आठवडे झाले. शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळचा चहा घेत होतो. नात झोया मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "दादा, युअर हॉलिवूड मॅन इज डेड." लोगन ब्रॅडिक, सिनेमा आणि टीव्ही मालिकांचे निर्माते, वय चौऱ्याण्णव, असं तिने वाचून दाखवलं. मी कप खाली ठेवला, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते बरं नव्हतं. "आणि माझं नाव राहिलंच!" गेलेल्या माणसासाठी दुआ मागायची सोडून मी पन्नास वर्षांहून जुनी तक्रार काढून बसलो. सून स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा अमिरात हे नावसुद्धा नव्हतं. दुबईत रुपया चालायचा, आणि मी बावीस वर्षांचा, दाभोळजवळच्या गावातून आलेला, खाडीकाठच्या एका कापडाच्या गोदामात गाठी मोजत होतो. माझं आडनाव नाखवा. कोकणात नाखवा म्हणजे जहाजाचा कप्तान, अरबीतला नोखदा. आमच्या कुठल्यातरी पणजोबांनी जहाज चालवलं असेल, मला मात्र होडीत बसलं की मळमळायचं. एका सकाळी माझा दोस्त दाऊद धक्क्यावरून ओरडला, "ए नाखवा, इकडे ये!" शेजारी एक उंच गोरा माणूस उभा होता, कोट-टाय घालून, त्या उन्हात. त्याला सिनेमासाठी मोठं शिडाचं जहाज हवं होतं आणि 'नोखदा' एवढा एकच अरबी शब्द तो शिकून आला होता. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "कॅप्टन!" मी त्याची चूक सुधारली नाही. गिऱ्हाईक स्वतःहून चालत आलं होतं.

सौदा करायला बसलो. मी भाव सांगितला, अर्थातच दुप्पट. ब्रॅडिकसाहेब काही बोलले नाहीत. स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली... माझ्याच तोंडाने मी खाली आलो. ते तरीही बुटांकडेच बघत होते. मी आणखी खाली आलो. मी बाजारात भांडून मोठा झालेला माणूस, शिवी दिली तर दोन परत देणारा. पण न बोलणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी चिडून म्हणालो, "ठीक आहे, त्याहून कमी घेतो, पण पडद्यावर माझं नाव आलं पाहिजे." तेव्हा त्यांनी मान वर केली. "पैसे सोडून नाव मागतोयस? मी पण एकदा हेच केलं होतं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. आयुष्यात मी पैशाऐवजी दुसरं काही मागितलं ते तेवढंच.

मी खऱ्या नोखद्याचं, म्हाताऱ्या सालेमचं जहाज ठरवलं. सालेम चालवेल आणि मी बाजूला रुबाबात उभा राहीन, असा माझा हिशेब. दोन दिवस निभावलं. संध्याकाळी शूटिंग संपलं की साहेब धक्क्यावर बसून बिनदुधाचा चहा प्यायचे आणि बोलायचे. वडिलांचं चपलांचं दुकान बुडालं होतं. टीव्ही नवा होता तेव्हा ते त्यात शिरले. सगळं थेट चालायचं. नट चुकला तर चूक घराघरांत दिसायची. "म्हणून मी चूक लपवत नाही, चूक वापरतो," ते म्हणायचे. मला ते बोलणं मोठेपणाचं वाटायचं, खरं नाही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताचा सीन होता. जहाज खाडीतून समुद्राकडे निघतं, एवढाच. पण कॅमेरावाल्यांनी सालेमला आठ वेळा परत फिरवलं. नवव्यांदा "वन्स मोअर" ऐकल्यावर त्याने सुकाणू सोडलं, "खलास!" म्हणाला आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर जाऊन कॉफी पीत बसला. सूर्य खाली चाललेला. साहेब माझ्याकडे वळले. "कॅप्टन, यू टेक हर."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मी सुकाणू धरलं. खाडीच्या तोंडाशी तेव्हा वाळू साचायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं. मी जहाज सरळ त्या वाळूवर नेऊन बसवलं.

"पाणी कधी चढेल?" साहेबांनी विचारलं.

"सहा तास... साहेब, मी नाखवा नाही. म्हणजे आहे, पण ते माझं आडनाव आहे."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते खाली बसले, बूट काढले, मोजे आत घालून नीट बाजूला ठेवले, आणि टाय-पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. खांदा लावून जहाज ढकलायला लागले. मग त्यांची माणसं उतरली, खलाशी उतरले, तो प्रसिद्ध हिरोही उतरला, मीही उतरलो. आणि साहेब दुसऱ्या होडीतल्या कॅमेरावाल्यावर ओरडत होते, "चालू ठेव! बंद करशील तर नोकरी गेली!" रुतलेलं काळं जहाज, पाण्यात पन्नास माणसं, मागे लाल सूर्य. पुढे वर्तमानपत्रांनी त्याच सीनची तारीफ केली. तो कागदावर नव्हताच.

रात्री चहा घेताना मी विचारलं, "नावाचं काय?" ते म्हणाले, "शब्द तो शब्द." सिगारेटच्या पाकिटावर त्यांनी लिहून घेतलं, हसन अब्दुल्ला नाखवा.

दीड वर्षाने सिनेमा मुंबईला लागला. मी दुबईहून आलो आणि अब्बांना गावाहून बोलावून घेतलं. सगळ्या मोहल्ल्याला सांगून ते आले होते. शेवटी नावं सुरू झाली तसे ते प्रत्येक ओळीवर बोट दाखवायला लागले. "ह्ये तुझं?" नाही अब्बा. "मग ह्ये?" नाही, ते शिंप्याचं. "ह्ये?" ...पडदा पांढरा झाला. मी मॅनेजरच्या अंगावर गेलो, पुढचा खेळही बघितला. नव्हतं. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "जाऊ दे रे. जहाज रुतवलंस ते मात्र मी लगेच वळखलं." दोन वर्षांनी ते गेले. मी साहेबांना पत्र लिहिलं, त्यात लिहू नये ते लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्यांची बातमी मात्र कानावर यायची. मोठा सिनेमा आपटला, घर विकलं, पुन्हा टीव्हीत गेले, सत्तरीत बक्षीस घेतलं. दर वेळी मी मनात म्हणायचो, हा माणूस परत बूट काढून पाण्यात उतरला. आणि दर वेळी म्हणायचो, पण शब्द मोडलास.

त्यांच्या जाण्याच्या बातमीनंतर आठवड्याभराने झोयाने कुठल्याशा साइटवर त्यांची एक जुनी सागरी मालिका शोधली. इकडे कधी आली नव्हती. सुरुवातीची नावं चालली होती आणि ती किंचाळली, "दादा, इट्स यू!" जहाज सल्लागार : कॅप्टन हसन ए. नाखवा. आम्ही पुढचा भाग लावला. तिथेही. तीन वर्षं, प्रत्येक आठवड्याला, प्रत्येक भागात. "कॅप्टन!" मी ओरडलो, "थट्टा करतोय माझी!" आणि मग तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. मला कळवलं का नाही, हे विचारायचं राहिलं. कळवलंही असेल, मी तोवर पत्ता बदलला होता. अब्बांना दाखवायचं होतं, त्याची भरपाई नाही. ती तक्रार मी अजून सोडलेली नाही.

पण एक सवय लागली आहे. शुक्रवारी पोरं मॉलमध्ये सिनेमाला नेतात. सिनेमा संपला की ती उठतात, "यल्ला, चला दादा, पार्किंग!" मी बसून राहतो. दिवेवाले, सुतार, गाडी हाकणारे, जेवण बनवणारे... बारीक अक्षरं, चष्मा पुसून एकेक वाचतो. परवा झाडूवाला येऊन उभा राहिला, "चाचा, पिक्चर खलास."

मी म्हणालो, "रुको बेटा, अभी नाम चल रहे हैं."