फोडलेला पिस्टन

भांडी अर्धी घासून झाली होती. परात हातात घेतली तोच वन्सं मागच्या दारातून आल्या आणि ती माझ्या हातातून ओढून घेऊन चालू लागल्या.

"अहो वन्सं, त्यात पीठ मळते मी!"

"आता पिस्टन धुणार. वहिनी, पातेल्यात मळा, पीठ काही रुसत नाही."

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न करून गेल्या आणि वर्षाच्या आत परत आल्या. नवरा हात उगारायचा. एकदा वन्संनी तो हात हवेतच धरला आणि तशाच घरी आल्या. लोक म्हणाले, "आता काय करणार ही?" मामंजींनी त्यांच्या हातात पाना दिला. धक्क्यावरून पलीकडच्या काठाला उतारू नेणारी मामंजींची होडी होती. मामंजी गेल्यावर ती वन्संच चालवायच्या. कागदावर मात्र होडी सासूबाईंच्या नावाची.

पंधरवड्यापूर्वी पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली. इंजिनाला थंड करणारं पाणीच बंद झालं, आणि ते भर पाण्यात तापून जाम झालं. वन्संनी वल्ही काढली आणि सगळ्या उतारूंना सुखरूप काठाला लावलं. त्याचं कुणाला काही नाही. धक्क्यावर एकच चर्चा, बाईच्या हातात इंजिन दिलं की असंच व्हायचं.

दुसऱ्या होड्यांचा ठेकेदार आहे, त्याला सगळे साखऱ्या म्हणतात, इतका गोड बोलतो. तो दुसऱ्याच दिवशी घरी हजर. "ताई, कशाला जिवाला घोर? होडी मला द्या, तुम्ही आराम करा."

यांनाही ते पटलं. सासूबाई तर म्हणाल्या, "विका एकदाची. हिच्या कपड्यांचे डाग काढून माझे हात झिजले." शेवटी बहीणभावांत ठरलं: रविवारी साखऱ्या येईल तेव्हा इंजिन सुरू असेल, तर होडी घरात. नसेल, तर सासूबाई सही करतील.

मी देवापुढे बसले की वन्सं म्हणायच्या, "वहिनी, देवाला सांगा, इंजिनाचं मी बघते. त्यानं माझ्या भावाची जीभ तेवढी आवरावी."

परसात फळीवर इंजिन उघडून ठेवलं होतं. तीन पिस्टन. दोघांच्या अंगावर नखांनी ओरबाडल्यासारखे ओरखडे, रिंगा चिकटून बसलेल्या. तिसरा दिसायला चांगला. वन्संनी तो रॉकेलमध्ये बुडवला, कोरडा पुसला आणि मला हाक मारली, "तुमची पावडर आणा."

"कुठली?"

"तोंडाला लावता ती."

पावडर फासून पांढरा केलेला पिस्टन त्यांनी उन्हात ठेवला. थोड्या वेळानं पावडरीवर एक बारीक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपत होतं. "बघा," वन्सं म्हणाल्या, "पावडर लावली की माणसाचं झाकतं आणि लोखंडाचं उघडं पडतं."

पिस्टन लोखंडाचा नसतो, हलका असतो, हे मला हातात घेतल्यावर कळलं.

प्रत्येक पिस्टनला खाली दांडा असतो. दांड्याच्या टोकाला दोन अर्ध्या तुकड्यांचं कडं. ज्याचा तुकडा त्यालाच बसतो, दुसऱ्याचा चालत नाही. म्हणून वन्संनी सुटे करताना खडूनं खुणा केल्या आणि ते फडक्यावर मांडून त्या क्रँक, म्हणजे हे दांडे ज्याला फिरवतात तो आडवा दांडा, घासून आणायला लेथवाल्याकडे गेल्या.

आमच्या सासूबाईंना मळकी वस्तू दिसली की राहवत नाही. वन्सं परत आल्या तेव्हा सगळे तुकडे साबणानं लख्ख घासून, पुसून, उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवलेले.

"आई! खुणा कुठे आहेत?"

"कसल्या खुणा? खडू लागला होता, मी काढला."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. वन्सं खाली बसल्या आणि आईचा हात धरून तिलाही बसवलं. "धुतलंस ना? मग आता तूच जुळव. दोन तुकडे धर, जोडावरून नख फिरव. अडलं, तर तो याचा नाही."

सासूबाई आधी कुरकुरल्या. मग डोळे मिटून नख फिरवू लागल्या. "हा अडतो... हाही... अगं, हा बघ, सरळ गेला!" लग्न जुळवल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. त्या दिवसापासून परसातून उठायला तयार नाहीत.

नवीन पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग आणायला दुकान शहरात. शनिवारी वन्संनी आणलेलं खोकं उघडलं तर दोन पिस्टन बरोबर आणि तिसरा मोठ्या मापाचा. तो लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यात, शिरेच ना. दुकान आता सोमवारशिवाय उघडणार नव्हतं.

हे म्हणाले, "ताई, जुना तिसरा आहे ना? एवढीशी चीर. उद्यापुरता बसव. साखऱ्या आवाज ऐकेल आणि जाईल. आत कोण डोकावतंय?"

"मी डोकावते."

"शर्त हरशील."

वन्संनी तो पिस्टन उचलला, दगडावर ठेवला आणि हातोडा घातला. दुसऱ्या घावाला तो चिरेवर फुटला. मामंजींची रीत होती, गेलेला भाग फोडून टाकायचा. म्हणजे अडीनडीला तो परत आत घालायचा मोह होत नाही.

"ताई, वेड लागलंय तुला! होडी गेली आता!"

"भर पाण्यात हा फुटला असता तर माणसं गेली असती. होडीचं उद्या बघू."

संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला काय मागावं तेच सुचेना. नुसती बसून राहिले.

रविवारी साखऱ्या आला. परसात फळीवर इंजिन अर्धं बसवलेलं, परातीत तेल. सासूबाई पाटावर बसून रिंगांना तेल चोळत होत्या, कोपरापर्यंत काळ्या.

"अरे वा! इंजिन बांधताय की संसार मांडलाय?" साखऱ्या हसला. "सुरू करा की ताई, ऐकू दे आम्हालाही."

"सुरू नाही," वन्सं उठून उभ्या राहिल्या. "एक पिस्टन बदलून आणायचा आहे."

"मग ठरल्याप्रमाणे..." त्यानं कागद काढला. यांनी मान खाली घातली. वन्संनी घातली नाही. त्या म्हणाल्या, "ठरलं होतं, हे खरं. मी हरले. पण आत सडकं ठेवून जिंकायचं नव्हतं मला. कागद आईसमोर ठेवा, मी मध्ये येणार नाही."

साखऱ्यानं कागद आणि पेन सासूबाईंपुढे केलं. "आजी, इथे."

सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. "हात काळे आहेत माझे."

"धुवून या ना, मी थांबतो."

"धुवून?" सासूबाई म्हणाल्या. उभा जन्म ज्यांनी धुण्यात घालवला त्या म्हणाल्या, "एकदा धुतलं तर एवढं रामायण झालं. आता नाही धुणार."

"अहो, पण तुमच्या मुलानं शब्द दिलाय!"

"दिला असेल. होडी माझी आहे. आणि तिचं लेकीशी जुळलेलं मी नख फिरवून बघितलंय, कुठे अडत नाही. तू चहा घेणार की निघणार?"

तो निघाला. जाताना काही गोड बोलला नाही.

मग हे घसा खाकरून म्हणाले, "ताई, तो दुकानदार वाकडा आहे. बदलून द्यायचा नाही. मी येतो बरोबर."

"ये. पण पिशवी तू धरायची, बोलणार मी."

आज सोमवार. पीठ पातेल्यातच मळतेय. बहीणभाऊ आत्ताच्या बसनं शहरात तिसरा पिस्टन बदलून आणायला गेले.