अक्षर नीट नाही, परत लिहा

आमच्या पंपांच्या कारखान्यात त्यांना सगळे पगारबाई म्हणत. दोनशे माणसांचे पगार त्या काढत. त्यांचा स्वतःचा किती, हे कुणी कधी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही. मला त्यांचा मनापासून राग होता.

त्यांची खोली म्हणजे मालकांच्या केबिनला चिकटवलेलं काचेचं खोकं. बाहेरच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी आणि दार एकच, तेही मालकांच्या केबिनमध्ये उघडणारं. आत मीटिंग चालू असली की पगारबाईंना बाहेर पडता येत नसे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या पाण्याचा घोट घेत नाहीत, हे आम्हा बायकांना ठाऊक होतं, आणि मेल्या आम्ही त्यावर हसायचो. ते दार सदैव उघडं असायचं. बाई काय बोलतात ते मालकांना ऐकू यायला हवं ना!

माझा राग पहिल्याच दिवसाचा. माल रवाना करण्याच्या विभागात कारकुनाच्या दोन जागा होत्या. एका जागेसाठी मी आणि दुसऱ्यासाठी एक उंच मुलगा, ज्याला पुढे आम्ही सगळे लंबू म्हणायला लागलो. पगारबाईंनी खिडकीतून दोघांना अर्ज दिले. त्यात शेवटी एक रकाना होता, ‘अपेक्षित पगार’. मी अडखळले. आमच्या घरी पैशाचं बोलणं बाबा करत. आई पिशवी घेऊन बाजारात जायची, तीसुद्धा बाबांनी मोजून दिलेले पैसे घेऊन. आपली किंमत आपणच लिहायची, हे मला निर्लज्जपणाचं वाटलं. जास्त मागितलं तर हाकलून देतील, अशी भीतीही होती. मी लिहिलं, चौदा हजार.

लंबूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याचा अर्ज बाईंनी एका नजरेत ठेवून घेतला. माझा मात्र बाजूला टाकून दुसरा कोरा अर्ज सरकवला.

“अक्षर नीट नाही. परत लिहा.”

शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालेली मुलगी मी! पण नोकरीची गरज होती. निमूटपणे दुसरा अर्ज भरला. बाईंनी पेनाचं टोक त्या शेवटच्या रकान्यावर दोनदा आपटलं. “हे बघा. इथे नीट नाही. परत.”

चौदातला चार बिघडला असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या अर्जात मी तो चार इतका देखणा काढला की छापल्यासारखा. तोही बाजूला पडला. चौथ्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी आकड्याखाली पट्टीने रेघसुद्धा मारली आणि अर्ज खिडकीत जवळजवळ फेकला.

आतून मालक म्हणाले, “काय चाललंय बाई? झालं का?”

पगारबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, “झालं साहेब,” आणि शिक्का मारला. म्हातारीला हरवलं, या खुशीत मी घरी गेले.

पुढची नऊ वर्षं मी आणि लंबूने एकाच टेबलावर काम केलं. त्याच्या चुका मी निस्तरायचे, तो मला चहा पाजायचा. दरवर्षी पगारवाढ सगळ्यांना सारख्याच टक्क्यांनी. मालक अभिमानाने सांगायचे, “ज्याने जेवढं मागितलं, तेवढं दिलं. कुणाचं मारलं नाही.” आम्ही माना डोलवायचो.

पगारबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. बसण्याआधी एका कागदावर सही घेतली: कुणाचाही पगार कुणालाही सांगणार नाही, सांगितला तर नोकरी त्याच दिवशी संपेल. किल्ल्या देताना बाईंनी माझा हात धरून ठेवला.

“तुझं अक्षर फार सुंदर होतं गं. माझं मेलीचं तोंडच उघडलं नाही.”

वयाने हळव्या झाल्या, असं समजून मी हसले.

त्याच आठवड्यात जुन्या अर्जांचं कपाट उघडलं. पुरुषांचे अर्ज एकेक पानाचे. बायकांच्या अर्जांना मागे बाजूला टाकलेली पानं टाचलेली. तपासणीतल्या ताईंची तीन पानं: बारा, पंधरा, एकोणीस. त्यांना समजलं होतं! स्टोअरमधल्या काकूंची दोन. मग लंबूचं एकच पान, कोंबडीच्या पायांनी लिहिलेलं, बावीस हजार. त्याखाली माझी चार पानं. चौदा, चौदा, चौदा, चौदा. प्रत्येक आधीच्यापेक्षा सुबक.

सगळ्यात तळाशी पगारबाईंचा स्वतःचा अर्ज होता. रकान्यात आकडाच नव्हता. ‘आपण द्याल तो’, एवढंच. त्यांना परत लिहायला लावणारं त्या खिडकीत कुणी नव्हतं. मी कपाटात तोंड घालून रडले, कारण दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी धीर करून मालकांसमोर उभी राहिले. “साहेब, माझा पगार इतरांच्या मानाने...”

“इतरांचा?” मालक शांतपणे म्हणाले. “इतरांच्या पगाराबद्दल तू बोलतेस?”

सही केलेला कागद त्यांच्या खणात होता. “नाही साहेब,” मी म्हणाले आणि खोक्यात येऊन बसले. तेव्हापासून मीही दुपारपर्यंत पाणी पीत नाही.

एक चिठ्ठी लिहून द्यायला काय झालं होतं, म्हणून मी बाईंना मनातल्या मनात खूप बोलले. पण चिठ्ठी समोरच्याच्या हातात राहते. आज मी तिथे बसते आणि मीही लिहीत नाही. घरी आजारी आई आहे, भाडं आहे.

काल एक मुलगी आली होती. लंबूच्या हाताखालची जागा. तिने लिहिलं, सोळा हजार. गेल्या महिन्यात त्याच कामाला घेतलेल्या मुलाने सव्वीस लिहिले होते.

“अक्षर नीट नाही. परत लिहा,” मी म्हणाले आणि रकान्यावर पेन आपटलं.

ती गेली, आली. सोळा. परत गेली, आली. सोळा, अधिक गोल. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांत तोच राग होता, माझा. मागे मालकांची खुर्ची करकरली.

“काय चाललंय? झालं का?”

माझा हात शिक्क्यावर गेला होता.

“नाही झालं साहेब,” मी म्हणाले, आणि पाचवा कोरा अर्ज खिडकीतून सरकवला.